एक सुई, दोन घरं

"रेकॉर्ड प्लेअरची सुई आहे का?" असं मी विचारलं, आणि अगदी त्याच क्षणी माझ्या मागून, माझ्या डोक्याच्याही बरंच वरून, कुणीतरी तेच विचारलं.

दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याच्या वर. जुने रेडिओ, टेबलफॅन, टेपरेकॉर्डर असलं सगळं दुरुस्त करणारं ते बोळातलं दुकान. एका वेळी एकच गिऱ्हाईक मावेल एवढी जागा, आणि आम्ही दोघं आत घुसलो होतो. बाहेर भुरभुर चालू होती. मागच्या माणसाच्या छत्रीचं पाणी माझ्या चपलेवर टपटप पडत होतं.

दुकानदाराने आमच्या दोघांच्या मोडक्या सुया हातात घेतल्या, उजेडात धरल्या आणि हसला.

"मॉडेल दोघांचं एकच. आणि माझ्याकडे सुई पण एकच. आता ही बनतच नाही."

"मी आधी विचारलं," मी म्हणाले.

"मी आधी आलो असतो. पण तुम्ही दारात उभं राहून चपला पुसत होता," मागचा आवाज म्हणाला.

मी वळून पाहिलं. उंच, जरा वाकून उभा राहण्याची सवय असलेला माणूस. चेहरा भांडखोर नव्हता. उलट भांडण कसं करायचं हे आठवत असल्यासारखा.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"ड्रायव्हिंग शिकवतो."

"मग दुसऱ्याला वाट द्यायलाही शिकवत असाल."

तो हसला. हसताना त्याने मान खाली घातली आणि छत्री माझ्या चपलेवरून दूर नेली.

"शिकवतो. दिली वाट... पण अट आहे. महिनाभर सुई तुमच्याकडे, मग महिनाभर माझ्याकडे. आणि बसवताना मी समोर असणार. वाकली-बिकली तर जन्मभर हळहळत बसायला नको."

"मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर मुंगीएवढे स्क्रू पिळते. माझा हात हलत नाही."

"बरं, चष्मेवाल्या बाई. पण मी येणार."

दुकानदाराने सुई कापसात गुंडाळून काडेपेटीत घातली आणि माझ्या हातावर ठेवली. "सांभाळून भांडा," तो म्हणाला, "सुई नाजूक आहे."

आमच्या घरात त्या दिवसांत फार शांतता होती. आई जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. पूर्वी बाबा कशावरूनही वाद घालायचे... पेपरची घडी, पंख्याचा वेग, चहातली साखर. दर रविवारी सकाळी आई रेकॉर्ड लावायची आणि बाबा दाढी करता करता आतून ओरडायचे, "आवाज कमी कर." आई मुद्दाम वाढवायची. हे इतकी वर्षं चाललं होतं, की लहानपणी मला तो गाण्याचाच एक भाग वाटायचा. आई गेली आणि बाबांनी वाद घालणंच सोडलं. मी एकदा मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला. त्यांनी मुकाट्याने पिऊन कप विसळून ठेवला. त्या दिवशी मात्र मला भीती वाटली.

रेकॉर्ड प्लेअर खिडकीजवळच्या कपाटावर होता. तपकिरी लाकडाची पेटी, वर झाकण, आणि झाकणावर पेपरांची रद्दी. मी रद्दी बाजूला करून झाकण उघडलं, तर सुई मोडलेली. म्हणून मी त्या दुकानात गेले होते. आईची जागा काही गाण्याने भरणार नव्हती, एवढं मला कळत होतं. पण बाबांनी निदान "आवाज कमी कर" तरी म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

रविवारी आमच्या दारात एक छोटी गाडी थांबली. टपावर मोठी पाटी, मागे लाल अक्षरांत 'शिकाऊ'. त्यातून मास्तर उतरला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेचकस.

"कोण?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

"रेकॉर्ड प्लेअर बघायला आलेत. ड्रायव्हिंगचे मास्तर आहेत."

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. रेकॉर्ड प्लेअर बघायला ड्रायव्हिंगचा मास्तर कशाला, या एका प्रश्नावर पूर्वी अर्धी सकाळ गेली असती.

आम्ही टेबलावर जुनी चादर पसरली. "नुसती सुई बसवून भागणार नाही," मास्तर म्हणाला, "इतके महिने बंद आहे, आतून साफ करायला हवा." मी आधी गोल थाळी उचलून काढली, मग खालचे स्क्रू. माझ्या हातात दुकानातला बारका पेचकस. त्याच्या मोठ्या बोटांत स्क्रू धरवेना, म्हणून तो पेटी धरून उभा राहिला. निघालेला प्रत्येक स्क्रू मी बशीत टाकला की तो बोटाने ढकलून लावायचा, अगदी सरळ रेषेत.

"त्यांना पार्किंग देताय का?" मी विचारलं.

"जागेवर लावलेलं नंतर सापडतं. तुम्ही सगळे एकाच वाटीत टाकणार होता."

"टाकणार होतेच."

"दिसलं मला तोंडावर."

आतला भाग वर आला तसा एक वास सुटला. लाकडाचा, जुन्या तेलाचा, वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेचा. धूळ इतकी दाट की बोटाने तिची गुंडाळी करता येत होती. ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. एक मेलेला पतंग, शर्टाचं एक बटण. मी कापसाला स्पिरिट लावून सांधे पुसत होते. तो दात घासायच्या जुन्या ब्रशने कोपरे घासत होता. आमची डोकी एकाच पेटीवर वाकलेली. एकदा आपटलीही.

"लागलं?" त्याने विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"मला सवय आहे. विद्यार्थी ब्रेक दाबतात तेव्हा रोज आपटतं."

मी हसले. खूप दिवसांनी घरात कुणीतरी हसलं होतं, आणि ते मीच होते हे कळायला मला जरा वेळ लागला.

तेवढ्यात मोटरच्या खालून त्याने काहीतरी ओढून काढलं. केसांना लावायची काळी पिन. त्याने ती तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरली. मी काही बोलणार, तोच बाबा खुर्चीतून उठून टेबलाशी आलेले दिसले.

"सुईला धूळ चिकटली की ती डोक्यातली पिन काढून उडवायची," बाबा म्हणाले. "मी शंभरदा सांगितलं, पिन आत पडेल. 'नाही पडत' म्हणायची. पडली की नाही?"

मग मास्तर हळूच म्हणाला, "पडली, काका."

"तेच म्हणत होतो मी."

वाद जिंकल्यावर माणूस समोरच्याकडे बघतो, तसं बाबांनी पाहिलं. समोर आम्ही दोघंच होतो. त्यांनी पिन उचलून खिशात घातली, पण खुर्चीकडे परत गेले नाहीत. तिथेच उभे राहिले आणि मास्तरला म्हणाले, "ब्रश असा आडवा काय मारताय, उभा मारा."

दुपारपर्यंत पेटी पुन्हा बंद झाली. शिलाई मशिनचं तेल दिलं, नवी सुई बसवली. बाबांनी कपाटातून स्वतः एक रेकॉर्ड काढून आणली. ती मी थाळीवर ठेवली. सुईचा दांडा खाली नेताना मास्तर कानाशी पुटपुटला, "हळू... क्लच सोडतात तसा."

सुई टेकली. सुरुवातीची खरखर आली, मग वाद्यं, मग गाणाऱ्या बाईंचा आवाज. आणि दोन ओळींतच तो आवाज लांबत, जड होत, झोपेत बरळल्यासारखा होऊन थांबला.

पुन्हा उघडलं. मोटर धडधाकट फिरत होती, पण तिचा वेग थाळीपर्यंत नेणारं रबराचं चाक वाळून दगड झालं होतं. त्याला एका बाजूने चीर गेली होती. मास्तर बराच वेळ त्या चाकाकडे बघत राहिला.

"हे मिळेल?" मी विचारलं.

"सुई मिळाली हेच नशीब," तो म्हणाला.

"राहू दे," बाबा म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. दार त्यांनी हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मास्तर आला. त्याच्या पुढच्याही. आम्ही ते चाक गरम पाण्यात ठेवलं, पॉलिश पेपरने घासलं, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. दर वेळी बाईंचा आवाज दोन ओळींनंतर झोपी जायचा. घासायचं काम माझ्याकडे असायचं. तो समोर बसून चहा प्यायचा आणि त्याच्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी सांगायचा. एक काकू दर वळणावर डोळे मिटून घ्यायच्या. एक बँकेतला साहेब गाडीला "प्लीज" म्हणायचा.

"तुमच्या पेटीचं काय झालंय?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. मस्त चालते. फक्त सुई नाही. मामांची आहे ती. मला आणि ताईला मामांनीच वाढवलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले." मग जरा थांबून, "ताई म्हणते, माझी वाकून उभं राहायची सवय त्या पेटीमुळेच. लहानपणी तासन्‌तास तिच्यावर वाकून रेकॉर्ड फिरताना बघायचो."

एका रविवारी तो आला तो रुमालात काहीतरी गुंडाळून. उलगडलं तर रबराचं चाक. मऊ, काळंभोर, एकही चीर नसलेलं.

"कुठे मिळालं?"

"ओळखीच्या एकाकडे पडून होतं."

"कोण ओळखीचा?"

"तुम्ही नाही ओळखत," तो म्हणाला आणि घाईने पेटी उघडायला लागला.

चाक बसलं. सुई टेकली. बाईंचा आवाज आला आणि या वेळी तो झोपला नाही. खिडकीतून ऊन येत होतं, रेकॉर्डवर त्याची एक रेघ गोल गोल फिरत होती. मी श्वास रोखून उभी होते. आत बाबांची दाढी चालली होती. पहिलं कडवं संपलं. आतून काही आवाज नाही. दुसरं सुरू झालं...

"आवाज कमी कर."

मास्तरचा हात पटकन बटणाकडे गेला. मी त्याचं मनगट पकडलं आणि दुसऱ्या हाताने आवाज वाढवला.

"कमी कर म्हटलं ना," बाबा आतून ओरडले. "ऐकू येत नाही का या घरात कुणाला?"

मला रडू येत होतं आणि हसूही. मास्तरला आधी काही कळलं नाही, मग माझ्या तोंडाकडे बघून कळलं. त्याचं मनगट मी धरूनच ठेवलं होतं. गाणं संपेपर्यंत. ते कुणालाच सोडवून घ्यावंसं वाटलं नाही.

त्यानंतर आमचे रविवार बदलले. बाबा मास्तरशी भांडायला सकाळपासून तयार असायचे. हॉर्न कधी वाजवावा, चढावर कुठला गिअर, शिकाऊ माणसाला रस्त्यावर आणावं की मैदानात. मास्तर मोठ्या गंभीरपणे हरायचा. तो गेल्यावर बाबा म्हणायचे, "मुलगा बरा आहे, पण त्याला काही येत नाही."

पेटी वाजायला लागून महिना झाला तशी मी सुई काढून काडेपेटीत घातली आणि त्याच्यापुढे धरली. "तुमची पाळी. मी येऊ का बसवून द्यायला?"

त्याने काडेपेटी घेतलीच नाही. "घरी रंगकाम चाललंय," तो म्हणाला. पुढच्या वेळी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, "राहू दे हो तुमच्याकडेच. काका ऐकतात ना."

"पण मी घरी येऊ की नको?" मी सरळच विचारलं.

तो बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिला. "बघू... सांगतो."

तो गेल्यावर मी भांडी नको तेवढी घासली. एखादा माणूस दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या घरी येतो आणि आपल्याला त्याच्या घराच्या आसपासही फिरकू देत नाही, याचा अर्थ काय? मला एकच अर्थ दिसत होता. त्या घरात कुणीतरी असणार. आमचा रविवार म्हणजे त्याचा फावला वेळ. आणि मी वेडी, शनिवारी केस धूत होते.

बुधवारी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली. सुई काढून काडेपेटीत ठेवताना बाबांनी पाहिलं.

"कुठे नेतेस?"

"ज्याची पाळी आहे त्याला देऊन टाकते."

"मग रविवारी काय?"

मी काडेपेटी मुठीत धरली आणि चपला घातल्या.

ड्रायव्हिंग स्कूलचा पत्ता गाडीच्या पाटीवरच होता आणि घर स्कूलच्या माडीवर. दार एका बाईंनी उघडलं. चाळिशीच्या, उंच, अगदी तशाच जरा वाकून उभ्या. माझ्या काही बोलण्याआधी त्यांनी माझ्या हातातली काडेपेटी पाहिली.

"चष्मेवाल्या तुम्हीच ना? आत या. मी त्याची ताई."

घर स्वच्छ होतं, रंग कधीचाच उडालेला. रंगकामाचा पत्ता नव्हता. पाहुण्यांचाही. कोपऱ्यात आमच्यासारखीच तपकिरी पेटी, झाकण इतकं पुसलेलं की त्यात खिडकी दिसत होती.

"सुई आणलीये," मी म्हणाले. "बसवून देते आणि जाते."

"बसवा की," ताई म्हणाल्या. "पण ती वाजायची नाही." त्यांनी झाकण उघडलं, थाळी दोन्ही हातांनी उचलली आणि बाजूला ठेवली.

मोटर होती. तिच्या शेजारी, जिथे रबराचं चाक असायला हवं, तिथे नुसती खुंटी.

मी तिथेच खुर्चीवर बसले.

"मी म्हटलं, अरे वेडा की काय तू," ताई म्हणाल्या, "मामांची पेटी आहे. तर म्हणे, ताई, तिकडे एक माणूस बोलायला लागलाय." त्यांनी थाळी परत जागेवर ठेवली. "वर मला दम दिला, कुणी आलं तर हे दाखवायचं नाही म्हणून. मी कशाला ऐकते? एवढीशी खुंटी बघून तुमचं तोंड असं होणार असेल, तर दाखवलेलंच बरं."

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मी काडेपेटी ताईंच्या हातात दिली आणि जिना उतरले.

घामाघूम झालेल्या एक काकू गाडीतून उतरत होत्या. त्या गेल्या आणि मी त्यांच्या जागेवर, स्टिअरिंगसमोर जाऊन बसले. शेजारच्या सीटवर मास्तर होता. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही... इथे?"

"ते चाक कुठल्या ओळखीच्याकडे होतं?"

तो समोरच्या काचेतून बाहेर बघायला लागला. "ताईने सांगितलं?"

"त्यांनी फक्त थाळी उचलली. मामांची आठवण होती ना ती?"

"आहेच की. पेटी कुठे गेलीये?" मग जरा वेळाने, "मामा होते तेव्हा ती वाजायची आणि घर भरलेलं असायचं. आता मी नि ताई दिवसभर कामात. वाजून ऐकणार कोण? त्या पहिल्या रविवारी काका त्या पिनेवरून भांडले... कुणाशी भांडत होते ते मला कळलं. घरी आलो आणि चाक काढून ठेवलं."

"पहिल्या रविवारी?" मी त्याच्याकडे वळले. "मग पुढचे रविवार मी ते मेलेलं चाक घासत होते, तेव्हा हे तुमच्याकडे होतं?"

"खिशात होतं."

"खिशात?"

"द्यायला म्हणूनच आणायचो..." त्याचे कान लाल झाले होते. "पण घासताना तुम्ही गुणगुणता. तुम्हाला माहीत नाही, पण गुणगुणता. वाटायचं, आजच्या दिवस ऐकू, पुढच्या रविवारी देऊ. काकांना तेवढं थांबवलं, त्याचं वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही."

मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. गाडी बंद होती तरी.

"आणि मला घरी का येऊ दिलं नाही? मला वाटलं, तुमची बायको असेल."

तो पहिल्यांदाच मोकळा हसला. "बायको असती तर तिने पहिल्याच रविवारी विचारलं असतं, इस्त्रीचा शर्ट घालून सुई बघायला कुठे निघालात म्हणून." हसू ओसरलं. "तुम्ही पेटी बघितली असती तर चाक परत दिलं असतं. मग मी कुठल्या निमित्ताने आलो असतो दर रविवारी?"

"असाच आला असतास," मी म्हणाले. "तुला काय कारण लागतं का?"

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून काय निघालं ते मलाही तेव्हाच कळलं. मी बाहेर बघितलं, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक कुत्रं सावलीत झोपलं होतं.

"परत म्हणा," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"शेवटचं. 'तुम्हाला'च्या ऐवजी जे म्हणालात ते."

"नाही म्हणणार. आधी तू म्हण."

माझा हात स्टिअरिंगवरून त्याने काढून घेतला. मोठी, खरबरीत बोटं, जी एक स्क्रू धरू शकत नव्हती. माझा हात मात्र अलगद धरला होता त्यांनी.

"काकांना विचारावं लागेल," तो म्हणाला. "ते भांडतील."

"भांडू देत."

"काय कारण सांगतील?"

"तुला काही येत नाही, असं म्हणतात ते. तेवढं पुरे आहे त्यांना." मी चावी फिरवली. "चल, आत्ताच जाऊ. दुपारची झोप झाली असेल त्यांची."

गाडीने एक गचका खाल्ला, हातभर पुढे गेली आणि बंद पडली. कुत्रं दचकून उठलं. मी पुन्हा चावी फिरवली, पुन्हा तेच. वर माडीच्या खिडकीत ताई तोंडावर पदर धरून हसत होत्या.

मास्तर उतरला, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि दार उघडलं. तो एरवीपेक्षा ताठ उभा होता.

"सरक तिकडे," तो म्हणाला. "मी चालवतो. तुला मी नंतर शिकवेन, आज उशीर नको."